बसायला घातलेलं कातडं

९ जाने. १९८८
हरणांनी वरच्या वावरातली ज्वारी पार तुडवली. डबे वाजवून वाजवून माझे नि मंदाचे हात भरून आले. ही एकुलती एक पोर माझी, वैशाखात लग्न होऊन जाणार, आणि तिला मी हरणं हाकायला लावते. शेवटी तळ्याजवळच्या पारध्यांच्या पालांवर निरोप धाडला. झुंबर येतो म्हणाला. हे होते तेव्हापासून आमच्या वावरात फासे लावायचा मान त्याचा. ह्यांना भाऊ म्हणायचा, म्हणून मी वहिनी.

१२ जाने.
झुं. सकाळीच आला, त्याच्या भोळ्याला घेऊन. हा बैल ना गाडीला, ना वखराला. त्यानं चरत चरत तिरकं चालायचं, आणि आडून झुं. वाकून चालतो. हरणांना वाटतं, बैल चरतोय. सात वर्षं शिकवलंय त्याला. कळपाच्या वाटेवर फासे पेरले, मग लांबून वळसा घालून हाकललं. एक काळवीट सापडलं. एक मादीही अडकली होती, पोटुशी. तिचा पाय सोडवून सोडून दिली. मी म्हटलं, हीच जास्त खाणार आता. नुसता हसला.

१३ जाने.
वावरधन्याचा वाटा मागची तंगडी. आम्ही खात नाही म्हणून कातडं. ह्यांचं पूजेचं आसनही झुं.च्या बापानंच दिलेलं. नवं छान आहे, मऊ. वाळत घातलंय.

२ फेब्रु.
जंगलखात्याचा माणूस आला होता. नवा, तेलुगू, माझ्याशी हिंदीत बोलला. पिकाची नासाडी विचारत होता. घरात खुर्ची नाही. आल्या माणसाचा मान म्हणून नवं कातडं अंथरलं. बसला नाही. उकिडवा होऊन त्यावर हात फिरवला. "किसने मारा?" मी सांगितलं. वर झुं.चं कौतुक, बैलाचंही. कागद पुढे केला, तेलुगूत; आमचं गाव तेलुगू राज्यात, सरकारी कागद सगळे तसलेच. नुकसानभरपाईचा असेल म्हणून सही केली. ऐटीत केली, अंगठेबहाद्दर नाही हे दिसावं म्हणून. कातडं गुंडाळून घेऊन गेला.
मंदा चुलीपाशी बसून राहिली आहे. जेवली नाही.

३ फेब्रु.
झुंबरला नेलं. भोळ्या कोंडवाड्यात. दुपारपर्यंत बाकीची पालंही उठली. तळ्याकडे जाऊन आले. नुसती राख.

६ फेब्रु.
जंगलखात्याच्या कचेरीत गेले. साहेब बरा माणूस. पाणी दिलं, कागद वाचून अर्थ सांगितला. माझंच बयान. शिकार अमक्यानं केली, मी डोळ्यांनी पाहिली. खाली माझी सही, वळणदार.
म्हटलं, त्याला मीच बोलावलं होतं. साहेबानं पेन उचललं. तसं लिहितो, पण मग आरोपीत तुमचंही नाव येईल, म्हणाला. मला मंदाची सोयरीक दिसली. तिकडची माणसं फार नाकासमोर चालणारी. पदर सारखा करत बसले. साहेब वाट पाहत होता.
"राहू द्या," म्हटलं. माझ्याच तोंडानं. बसमध्ये कोणाकडे बघवेना.

१० फेब्रु.
भोळ्याला सोडवून आणलं. सालदारानं वखराला जुंपून पाहिलं, वैतागला. वैरण टाकायला जवळ गेले की हा वळतो आणि आपलं अंग माझ्या पुढ्यात घालून उभा राहतो. मला लपवायला. रडले आज गोठ्यात. त्याला काय माहीत मी कोण.

१९ मार्च
झुं. जामिनावर सुटला. बैल न्यायला आला. गाल बसलेत. चहा ठेवला, शिवला नाही. मी तुझ्यासाठी खूप सांगून पाहिलं, म्हटलं. खोटं. तो दावं सोडत होता. मग म्हणाला, "वयनी, तुमाले तं लिवता-वाचता येते. मले वाटलं, तुमी वाचूनच सई केली."
तेलुगूत होतं, म्हटलं.
"मंग इचारलं काऊन नाई?"
रागावून नाही विचारलं. खरंच विचारलं. मी त्याचा गार झालेला चहा उचलून आत नेला.

२ एप्रिल
समन्स. १८ तारखेला साक्ष. लग्न २९ ला.
तेलुगूतच; या वेळी अर्थ विचारून घेतला, मग मंदाला सांगितलं. म्हणाली, "आई, तू खरं सांगून टाक. मोडली तं मोडू दे सोयरीक." मग घासलेलीच भांडी पुन्हा घासायला बसली.

११ एप्रिल
व्याही येऊन गेले. मानपानाचं बोलणं झालं. हसून सगळं कबूल केलं. पाय धुवायला पाणी देताना नजर वर केली नाही. मंदानं पाहिलं.

१७ एप्रिल
झुं. भेटला बाजारात. पालं आता नदीपल्याड आहेत म्हणाला. उद्याचं मी काढलं नाही, त्यानंही नाही. मंदाचं लग्न कधी, एवढं विचारलं. सांगितलं. "चांगलं होऊ दे पोरीचं," म्हणाला, आणि गेला.
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
पातळ काढून ठेवलंय. सहाची बस. तिथं उभी राहिल्यावर तोंडातून काय निघेल, माझा मलाच भरवसा नाही.