निळ्या गाडीची शेवटची पाच सेकंदं

रविवार, ४ ऑगस्ट

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखूनही पत्र उघडलं असशील तर उपकार. इकडे सगळं ठीक. तिकडे तू, वहिनी आणि छोटी मजेत असाल. छोटी आता बोलू लागली असेल. ‘आत्या’ हा शब्द शिकायचं तिला काही कारण नाही, तरी तिला माझा गोड पापा.

कामाचं विचारायला लिहिते आहे. बाबांची निळी गाडी अजून माझ्या शेडच्या मागच्या कोपऱ्यात उभी आहे. विकवत नाही आणि मोडीतही काढवत नाही. चेपलेला पुढचा भाग मी वर्षभरात सवडीने सरळ केला, रेडिएटर बदलला. इंजिन ठणठणीत आहे, तूच बांधलेलं. आता डोंगररस्त्यावरच्या शर्यतीसाठी तिला तयार करावं असं मनात आहे. निदान तिचं काहीतरी होईल.

मूळ कॉम्प्युटर इंजिनाची पुरती ताकद काढू देत नाही, म्हणून बाहेरचा ट्यूनिंग कॉम्प्युटर घालायचा आहे. दोन वाटा आहेत. एक छोटा डबा मिळतो, तो जुन्याच्या वर बसतो. सेन्सरकडून आलेला आकडा वाटेतच बदलून पुढे धाडतो आणि जुन्या कॉम्प्युटरला पत्ताच लागत नाही. अर्ध्या दिवसाचं काम, नकोसा झाला की काढून ठेवा. दुसरी वाट म्हणजे जुना मुळापासून काढायचा. वायरिंग नवं करायचं आणि इंधन किती, ठिणगी कधी, सगळं नव्याला पहिल्यापासून शिकवायचं. जरा चुकलं तर पिस्टन वितळलाच.

माझा कामातला जोडीदार म्हणतो, डबा बसव आणि मोकळी हो. त्याला इथे सगळे कानसेन म्हणतात, नुसत्या आवाजावरून कुठला सिलिंडर आजारी आहे ते सांगतो. पण माझं मन घेत नाही. त्या इंजिनाचं तुझ्याइतकं कोणाला कळत नाही. दोन ओळी खरडल्यास तरी पुरे.

बाबा बरे आहेत. गाडी चालवत नाहीत. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

तुझी,
धाकटी


शनिवार, ३१ ऑगस्ट

दादा,

अक्षर सांभाळून घे. पत्र मोठं आहे, एका बैठकीत लिहिते आहे.

तुझं कार्ड मिळालं होतं. ना नमस्कार, ना आशीर्वाद. नुसती तीन वाक्यं. ‘पूर्ण बदल. जुनं काढण्याआधी प्रत्येक युनिट वाचून साठवून ठेव. एअरबॅगचंही.’ खरं सांगते, मला रागच आला. बारा वर्षं वायरिंग करणाऱ्या बाईला हा पहिलीचा धडा कशाला, असं वाटलं. एअरबॅगचं युनिट तर मी बघणारही नव्हते. पण तू लिहिलं होतंस, म्हणून मंगळवारी जेवणानंतर युनिट वाचायचं मशिन गाडीला लावलं. इंजिनाची मूळ फाईल साठवली, मग एअरबॅगचं युनिट उघडलं.

फुगे उघडले की ते युनिट धडकेआधीची पाच सेकंदं कायमची कोरून ठेवतं. हे तुला सांगायला नको, मलाही माहीत होतं. पडद्यावर पाच ओळी आल्या. वेग एकतीस, अडतीस, सत्तेचाळीस, पंचावन्न, त्रेसष्ट. ॲक्सिलरेटर पाचही ओळींत शंभर टक्के. ब्रेक: बंद, बंद, बंद, बंद, बंद.

मी केबल काढली, परत लावली. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा कानसेनने माझ्या हातातून मशिन घेतलं आणि त्याने वाचलं. तो म्हणाला, “अगं, ब्रेकला पाय लागलेलाच नाही.”

मी म्हटलं, “ब्रेकचा स्विच बिघडला असेल.”

त्याने गाडीत बसून ब्रेक दाबला. मागचे दिवे लागले, पडद्यावर ‘चालू’ आलं. सोडला की ‘बंद’. दहा वेळा दाबून दाखवला त्याने. मग शेडचं दार ओढून घेतलं आणि मला पाण्याचा ग्लास आणून दिला. मी पाना हातात धरून किती वेळ उभी होते, देव जाणे.

चार वर्षं आपण सगळे काय म्हणत आलो? दादाने ब्रेक पॅड बदलले, चौथ्या दिवशी ब्रेक गेले, गाडी वळणावरच्या भिंतीवर आदळली आणि आई गेली. ब्रेक ऑइलचा पाइप फुटलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. तो धडकेत फुटला असेल, हे शिकाऊ पोरालाही सुचलं असतं. अपघाताच्या चौकशीवाल्यांनी मला विचारलं आणि मी सांगितलं ते लिहून घेतलं. तू गॅरेजला कुलूप लावलंस आणि गोदामात नोकरी धरलीस. मामांनी तर तुझं तोंड बघणार नाही अशी शपथ घेतली.

त्या मंगळवारीच कागद छापून मी घरी गेले. बाबा खिडकीपाशी बसून रेडिओच्या बॅटऱ्या बदलत होते. कागद पुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, घडी घातली. मला वाटलं, त्यांना कळलं नाही. मी समजावू लागले तर ते म्हणाले, “कळतंय मला.”

“काय कळतंय, बाबा?”

“पाय ब्रेकवरच आहे असं वाटत होतं गं. जितका जोरात दाबला तितकी गाडी पळाली. म्हणून आणखी दाबला.”

“हे तुम्हाला कधी कळलं?”

“दवाखान्यात. तिसऱ्या दिवशी. डोळे मिटले की पायाला आठवायचं.”

दादा, तिसऱ्या दिवशी! चार वर्षं या माणसाला मी रोज औषधं दिली, त्याच्या शेजारी बसून तुला बोल लावले, आणि तो मान खाली घालून ऐकत राहिला. मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा बाबांवर ओरडले. “मग बोलला का नाहीत?”

“बोलणार होतो. तेवढ्यात तू आत आलीस आणि म्हणालीस, दादाने ब्रेक नीट बसवले नव्हते. मी हो म्हणालो नाही.”

“नाहीसुद्धा म्हणाला नाहीत!”

“नाही म्हणालो असतो, तर तू त्याच्याकडे जशी पाहत होतीस तशी माझ्याकडे पाहिली असतीस.”

पहिल्यांदा ते वाक्य माझ्याच तोंडातून निघालं होतं. बाबांनी ते फक्त पांघरून घेतलं.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. चार दिवस हेच लिहून फाडते आहे.

आई गेली त्याच्या महिनाभर आधी बाबांनी माझ्या शेडसमोर गाडी टायरांच्या ढिगात घातली होती. ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेला. टायर होते म्हणून निभावलं, बंपरला ओरखडासुद्धा नाही. “पाय चुकला बघ,” म्हणाले आणि ओशाळून हसले. मीही हसले. “दादाला सांगू नकोस, लगेच किल्ली काढून घेईल,” म्हणाले. मी नाही सांगितलं. तू खरंच किल्ली काढून घेतली असतीस.

दवाखान्याच्या जिन्यात तू मला म्हणाला होतास, “मशिन लाव गं, एकदा वाच तरी.” आणि मी सगळ्या नातेवाइकांसमोर किंचाळले, “आई गेली आणि तुला यंत्र सुचतंय?” दुःखाने ओरडली, असं सगळ्यांना वाटलं. तुलाही वाटलं असेल. मला भीती वाटत होती, दादा. ते टायर मला त्याच क्षणी आठवले होते. वाचायला वीस मिनिटं लागली. मशिन चार वर्षं माझ्या टेबलावर आणि गाडी तिथून वीस पावलांवर. तू चुकला असलास तर मी सुटत होते. म्हणून तू चुकलास.

बुधवारी आम्ही नवा कॉम्प्युटर बसवला, तू सांगितलास तसा, जुना पूर्ण काढून. हातांना काम हवं होतं. तिसऱ्या प्रयत्नाला गाडी सुरू झाली. कानसेनने इंजिनाला कान लावला आणि म्हणाला, झकास बोलते आहे. मला काहीच ऐकू आलं नाही. शर्यतीचा विचार मी सोडला आहे. गाडी तुझी. हवी तर ने, नको तर तुझ्या हाताने मोडीत घाल.

काल बाबांनी मामांना फोन लावला, माझ्यासमोर, स्पीकरवर. पायाची सगळी गोष्ट सांगितली, एक शब्द न गाळता. मामा म्हणाले, “आणि पोरगं चार वर्षं उन्हात उभं केलंत?” आणि त्यांनी फोन ठेवला. बाबा तासभर फोन हातात धरून तसेच बसले होते. त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचा संताप आला. मग मी मामांना परत फोन करून टायरांचं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “त्याला सांगितलंस का?”

ते पाच ओळींचे कागद सोबत जोडले आहेत. चार प्रती आहेत. कुणाला दाखवायच्या ते तू ठरव. चौकशी कचेरीत मी सोमवारी स्वतः जाते आहे, माझा जबाब बदलायला.

क्षमा मागत नाही. मागण्याजोगं काही उरलेलं नाही. पुढच्या रविवारी मी तुझ्या दारात येईन. वहिनीने दार लावून घेतलं तर बेल पुन्हा वाजवणार नाही.

समोर येऊन सांगायला तोंड नव्हतं म्हणून आधी लिहिणारी, जिने तुला खोटं पाडलं ती
तुझी बहीण