मंजूच्या झोळीचं वजन

पुणे, मंगळवार

मंजूच्या आबाले सिंधूचा जयभीम. मी इथं मजेत आहे. तुम्ही खोकल्याचं औषध घेता, का शिशी नुसती फळीवर सजवली?

नातीचा गुडघा बरा आहे. जिना उतरताना कठडा धरते, तेवढंच. शनिवारी ती मैत्रिणींसंग चार दिवस डोंगरात चालली. झाडाले झोळी बांधून तिच्यातच निजतात म्हणे. डॉक्टरनं बजावलं, पाठीवर सात किलोच्या वर नको. झोळी टांगायच्या लोखंडी साखळ्या धरून पिशवी भरली अकरा! पोरगी रडकुंडीले आली.

म्या म्हटलं, "मंजे, कापूस वेचताना तुह्या बापाले लुगड्याच्या झोळीत निजवलं. त्याले कुठं लोखंडी साखळ्या होत्या?"

"आजी, बाबा तेव्हा दहा किलोचे होते. मी साठाची आहे."

"मंग दोर जाड घेऊ वं."

साखळ्या काढून दोर दिला. झाडाले काचू नये म्हणून दोराखाली लुगड्याची पट्टी. चारातलं एकच भांडं ठेवलं, जादाचे कपडे कपाटात. काटा सातच्या खाली आला.

पण गाठ धरते का, हे पाहाले पोरीले कशी निजवू? बिल्डिंगच्या बागेत झोळी बांधून मीच तिच्यात चढली. वॉचमन ओरडला, "आजी, उतरा!" म्हटलं, "तू तुह्यं फाटक सांभाळ." गाठ तसूभर सरकली नाई. मी जेवणापर्यंत घोरली.

चार लेकरं झोळीत वाढवली, स्वतः कधी पडून पाह्यलं नव्हतं. सोमवारी येते. वावराच्या धुऱ्यावरच्या दोन निंबांमधलं काटेरी झुडूप तोडून ठेवा. दोर मी आणते.

तुमची,
सिंधू