वरच्या लाल थराच्या वयाबाबत

प्रथम तक्रार. ज्या टेबलावर हा दस्त लिहिला जात आहे त्याला चाकं आहेत, ब्रेक नाही. एखाद्या शब्दावर जोर दिला की ते खिडकीकडे निघतं आणि मला अंथरुणातून हात लांबवून त्याला परत ओढावं लागतं. परिचारिकेच्या मते ते जेवणासाठी आहे आणि जेवताना कोणी एवढा जोर लावत नाही. तरी पुढे अक्षर घसरलेलं दिसल्यास दोष टेबलाचा समजावा, बुद्धीचा नव्हे.

बुद्धीबाबत: मी, खाली सही करणार, वय त्रेपन्न, अविवाहित, व्यवसाय दगडांची वयं काढणं, हे पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. उद्या सकाळी सात वाजता माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. शल्यविशारद म्हणाले, शंभरातले नव्वद सुखरूप घरी जातात. अधिक-उणे किती, असं विचारलं तर नुसते हसले. अधिक-उणे न देणारा शोधनिबंध मी न वाचता परत पाठवते.

कलम १. राहती दोन खोल्यांची जागा आणि बँकेतली शिल्लक धाकट्या बहिणीला. नऊ वर्षं ती माझ्याशी बोललेली नाही, हे वारसाच्या आड येऊ नये. स्वयंपाकघरातला नळ बंद करताना शेवटी वर उचलावा, नाहीतर ठिबकतो.

कलम २. सूक्ष्मदर्शक आणि तीन चिमटे प्रयोगशाळेला. वाकडा चिमटा कोणी कृपा करून सरळ करू नये. कणभर स्फटिक त्यानेच उचलता येतो.

कलम ३. विभागप्रमुखांना काही नाही. माझ्या प्रत्येक निबंधावर त्यांचं नाव आहे आणि एकाही दगडाला त्यांचा हात लागलेला नाही. त्यांचा वाटा त्यांना हयातीतच पोचला.

कलम ४. बावीस वर्षं माझे दगड फोडणाऱ्या प्रयोगशाळेतल्या दादांना इच्छा असूनही काही देता येत नाही, कारण साक्षीदाराला वाटा मिळत नाही, असं वकीलबाई सांगतात. दादा म्हणाले, "म्हणूनच साक्षीदार झालो, बाई. तुमच्या घरात दगडांशिवाय आहे काय?"

कलम ५. कपाटाच्या खालच्या खणात दोन किलोची शिवलेली पिशवी आहे. वर लिहिलंय, 'वरचा लाल थर'. ती माझ्या मृत्यूनंतर बहिणीला द्यावी, आणि सोबत चाळणीच्या कापडांची नोंदवही.

कारण असं. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या, लाव्हा थरावर थर वाहत राहिला आणि त्याच सुमारास पृथ्वीवरच्या बहुतेक जाती संपल्या. आधी काय झालं, हे भांडण आहे. मेल्यानंतर आलेल्यावर खुनाचा आळ घेता येत नाही. दोन लाव्हांच्या मधल्या राखेत, म्हणजे अशा लाल थरात, स्फटिक सापडतात, त्यांवरून वय निघतं. मी सांगितलं, शेवटचा मोठा लोंढा संहाराच्या तीस हजार वर्षं आधीचा. तेच पाठ्यपुस्तकांत गेलं. धाकटीने वेगळ्या पद्धतीने मोजलं होतं. तिचं उत्तर: नंतरचा.

भरसभेत तिने उठून विचारलं, "ताई, चाळणीला नवं कापड कितीदा लावलंस?" मी म्हणाले, लहानपणीसुद्धा हिला घड्याळ सगळ्यांत शेवटी कळलं. सभागृह हसलं. तिचा निबंध कोणी छापला नाही, वर्षभरात तिची प्रयोगशाळेतली जागा गेली. आता ती पुलांच्या पायाखालचे दगड तपासते.

त्याच संध्याकाळी मी वही उघडली. आमच्याकडे प्रत्येक नमुन्याला नवं कापड लागतं, कारण जाळीत आधीच्या दगडाचे स्फटिक अडकून राहतात. लाल थराचा नमुना चाळायच्या दिवशी कापड संपलं होतं. दादा म्हणाले होते, उद्या येईल, थांबू. मीच म्हणाले, धुऊन घ्या. आधीचा नमुना खालच्या, जुन्या थराचा होता; त्यातले स्फटिक मिसळले तर वय जास्तच निघणार. दादांनी वहीत लिहून ठेवलंय, 'धुतलेले'. माझं उत्तर तरीही बरोबर निघू शकेल. मला ते माहीत नाही, आणि नऊ वर्षं मी माहीत असल्यासारखी व्याख्यानं दिली.

इथवर वाचून वकीलबाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "हे तुम्ही गेल्यावरच उघडणार. आणि वाचलात तर?"

मी उत्तर शोधलं. शोधावं लागलं, यातच ते आलं. शंभरातल्या त्या नव्वदांत मी निघाले असते, तर हा कागद परत मागून घेतला असता. आणि फाडून टाकला असता.

सबब कलम ५ मी वाचता येईल असं खोडत आहे. निष्कर्ष मागे घेत असल्याचं पत्र दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी नियतकालिकाला गेलं. विभागप्रमुखांचे तेव्हापासून चार फोन येऊन गेले. दादा किल्ली घेऊन माझ्या घरी गेले आणि पिशवी, वही घेऊन आले. मग मी धाकटीला फोन लावला. उचलेल असं वाटलं नव्हतं.

"आठदा," मी म्हणाले.

"आणि नमुने?"

"नऊ."

"राहिला तो लालच ना?"

"हो."

"पिशवी पाठव, ताई. कापड माझं मी आणते."

उद्याच्या सातबद्दल मी तिला काही सांगितलं नाही. एका फोनला एवढं पुरे. पिशवी आणि वही दादांसोबत पाचच्या गाडीने जातील. सही करायला ते तेवढ्यापुरते थांबले आहेत.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, मला मान्य आहे.

सही: (धाकटीची ताई)
साक्षीदार १: प्रयोगशाळेतले दादा
साक्षीदार २: वकीलबाई
स्थळ: रुग्णालय, तिसरा मजला, खोली बारा
दिनांक: ९ मार्च, दुपारी पावणेचार