आजाला कार्ड टाकू नये

मी, ग्यानोबा मारोतराव टेकाळे, वय चोवीस, मूळ राहणार मुदखेड, जिल्हा नांदेड, निजाम इलाखा, सध्या मुक्काम हुबळी, रेल्वे कारखान्यात भट्टीवर लोहारकाम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहितो. मला छातीचा क्षय आहे, डोक्यात बिघाड नाही. शाळा तिसरीपर्यंत, पुढं पळालो म्हणून तेवढीच. कसं लिहायचं ते दवाखान्याचे कंपाउंडर अनंतराव यांनी सांगितलं. काय लिहायचं ते माझं आहे. कोणाची जबरदस्ती नाही.

१. मुदखेडच्या शिवारातली आठ एकर जमीन माझ्या नावावर आहे. ती मी कमावलेली नाही. माझा आजा शेषेराव टेकाळे निजामाच्या घोडेस्वारांच्या रिसाल्यात सत्तावीस वर्षं होता, दफेदार होऊन घरी आला. मी घरातून पळालो, नांदेडच्या जिनिंगात राहिलो, मग सोलापूर, मग इथं. तेव्हा त्यानं जमीन माझ्या नावावर केली आणि पटवाऱ्याला म्हणाला, "आता यील. जमिनीचा मालक किती दिस परमुलखात राहील?" मी गेलो नाही. ती जमीन आजाला परत. त्याच्या मागं माझी बहीण शिवकन्या, जळकोटला दिलेली, तिला मिळावी. भावकीनं मधे पडू नये.

आई शिवकन्येच्या वेळच्या बाळंतपणात गेली, बाप पटकीत. आम्हाला आजानं वाढवलं. घोड्याची आयाळ विंचरायला सवकलेला हात, त्याच हातानं तो शिवकन्येच्या वेण्या घालायचा. आडावरच्या बाया म्हणायच्या, "दफेदार, लगाम इसरले की हो!" आजा म्हणायचा, "लगाम तुमच्या मालकानं मागून नेलाय, बाई. परत कवा देतोय इचारा." मला रोज खांद्यावर घेऊन शाळेत सोडायचा. मी मागच्या खिडकीतून त्याच्या आधी घरी पोचायचो. त्यानं एकदाही हात उगारला नाही. उगारला असता तर बरं झालं असतं, असं आता खाटेवर पडून वाटतं.

२. खानावळवाला वीरण्णा यानं दोन पावसाळ्यांमागं माझी छत्री नेली. ती त्यालाच दिली असं समजावं. मात्र माझ्यामागं "ग्यानोबा लई भला माणूस" असं त्यानं म्हणू नये. भला होतो तर छत्री परत करायची होती.

३. माझा घण आणि सांडशी जोडीदार विरूपाक्ष याला आजच हातात दिली. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असं अनंतराव म्हणाले. कांबळं जाळावं, कोणी पांघरू नये.

४. हे मुख्य आहे.

पहिल्या जर्मन लढाईत आजा मिसरच्या मुलखात होता. घरी उर्दूत कागद आला, शेषेराव कामी आला. त्याच रिसाल्यात दुसरा एक शेषेराव होता, कागद त्याचा. घरच्यांनी चौकशी केली नाही. दर्भाचा पुतळा करून जाळला, माझ्या बापानं डोकं भादरलं, आजी लक्ष्मीबाईनं बांगड्या फोडल्या. त्याच साली मानमोडीच्या तापात ती गेली. पुढं आजा आला, तर वेशीत बाया किंचाळून पळाल्या. क्रिया झालेला माणूस घरात घ्यायचा कसा? भटजीनं तोड काढली, याला पुन्हा जन्म द्या. मिशीवाल्या दफेदाराला पाळण्यापाशी बसवून कानात कुर्र केलं, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. आजा हे हसत सांगायचा आणि मधेच थांबायचा. "माझं बारसं झालं रे ग्यानू. ती मातर रंडकी म्हनून मेली, मी जिता असून."

तेव्हापासून त्याचा कागदावर इसवास नाही. "मानूस पायजे समोर. ज्यानं डोळ्यानं पाहिलं, तो."

म्हणून माझ्या मरणाचं कार्ड टाकू नये. तो मानणार नाही, वाट पाहत राहील. त्याला आता नीट दिसत नाही, भाकर करताना हात भाजून घेतो. शिवकन्या तीनदा न्यायला आली. तिला म्हणाला, "पोरगं आलं आन् घर बंद दिसलं तर तसंच फिरंल. त्याचा पाय आधीच ठरत न्हाई." मी दोन वर्षं लिहीत राहिलो, दसऱ्याला येतो. यंदा खरंच निघालो होतो. गदगच्या फलाटावर तोंडातून रक्त आलं, लोकांनी परत आणलं.

विरूपाक्ष म्हणाला, "वाट बघत बघत म्हातारा जगतो रे. मी जाऊन त्याला मारू काय?"

मी म्हणालो, "न गेलास तर तो एकटा मरंल, दार उघडं टाकून."

"मग खोटं सांगतो. सिंगापूरला गेला म्हणून."

"मग तो मुदखेडच्या टेसनमास्तराला रोज विचारील, सिंगापूरची गाडी कधी हाय."

विरूपाक्ष हसला. मग तोंड फिरवून बसला.

तरी त्यानं जावं. मला जाळताना स्वतः हजर राहावं, म्हणजे पाहिलं म्हणताना अडखळणार नाही. अस्थी सोबत न्याव्या. दिवसा पोचावं. आजापुढं उभं राहून सांगावं, "ग्यानोबा गेला. मी पाहिला." पुढं बोलू नये, त्याला बोलू द्यावं. शेवटी कुणाचं नाव घेतलं, हे तो विचारील. त्याचं घेतलं म्हणावं. ते खोटं होऊ नये म्हणून आत्ता लिहिता लिहिता घेऊन ठेवतो. आजा.

मग त्याला जळकोटला शिवकन्येकडं पोचवावं. तो नाही म्हणेल. तेव्हा म्हणावं, दफेदार, तुमचा पहारा संपला.

हे सर्व मी वाचून पाहिलं, बरोबर आहे.

हुबळी, मार्गशीर्ष शुद्ध ८, शके १८६८, तारीख १ डिसेंबर १९४६.

सही: ग्यानोबा मारोतराव टेकाळे

साक्षीदार:

केवळाबाई, दवाखान्यात झाडलोट करतात. डाव्या हाताचा अंगठा.

विरूपाक्ष बसप्पा कम्मार, सही कानडीत. सही करण्याआधी यांनी मला विचारलं, ऐकून म्हातारा अंगावर येईल काय. मी सांगितलं, नाही. आधी तुला जेवायला बसवील. तू जेवून घे.