नातिवुस म्हणजे मिरासदार नव्हे

रवि., २८ सप्टें. न्यू लिन

झालं ते असं:
१. एप्रिलमध्ये घरमालक रॉन (वय ८१) यांनी पूर्वजांच्या गावचे कागद मला वाचून द्यायला सांगितले. इंग्लंडमधलं हॅझलकोट, तिथल्या मॅनरचं, म्हणजे जहागिरीचं दप्तर. चौदावं शतक, लॅटिन.
२. मी सॉफ्टवेअर तपासते. लॅटिन येत नाही. कोश आणि एक प्रोग्रॅम वापरून वाचलं.
३. त्यांचा पूर्वज जॉन. नावापुढे 'नातिवुस'. कोशात: जन्माने त्या गावचा.
४. पुण्याला बाबांना विचारलं. "पिढ्यान्‌पिढ्या त्याच जमिनीवर? मग मिरासदारच की तो."
५. रॉनना तसंच सांगितलं. जमिनीचा वंशपरंपरागत धनी, गावातून कोणी काढू शकत नाही असा.
६. चूक. नातिवुस म्हणजे जन्मानेच जहागीरदाराच्या मालकीचा. वेठीचा माणूस. त्याला गाव सोडून जाता येत नव्हतं.
७. हे मला तीन आठवड्यांपूर्वी कळलं. सांगितलेलं नाही.

बुध., १ ऑक्टो.

सकाळी रॉन कचऱ्याचे डबे रस्त्यावर नेत होते. मी हात लावला तर, "राहू दे. मिरासदार आपले डबे आपण ओढतो." मराठी शब्द, उच्चार जवळजवळ बरोबर. कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या वाणसामानाच्या दुकानातही सांगून झालंय. दुकानदार मला विचारतो, "तुझा म्हातारा नक्की कुठला राजा?"

त्यांचे वडील जन्मभर दुसऱ्यांच्या गाईंचं दूध काढायचे. दर जूनला सामान ट्रकमध्ये, नवा मालक, नवी शाळा. "कुंपणाचा एक खांबसुद्धा आमचा नव्हता," असं एप्रिलमध्ये म्हणाले होते. हे माहीत असून मी—

गुरु., २ ऑक्टो.

कळलं कसं, तेही लिहून ठेवते. दुसऱ्या कागदात जॉन मुलीच्या लग्नासाठी जहागीरदाराची परवानगी मागतो. मिरासदार कशाला मागेल? परत कोश उघडला. दुसरा अर्थ त्याच पानावर होता, खाली. मी पहिल्यांदा खालपर्यंत गेलेच नव्हते. पहिला अर्थ ओळखीचा वाटला, तिथेच थांबले.

शनि., ४ ऑक्टो.

पोरिरुआहून रॉनच्या मुलीचा, जॅनेटचा फोन. ऑक्टोबरअखेरच्या लेबर वीकेंडच्या सुट्टीत सगळं कुटुंब तिच्याकडे जमणार. माझ्या वाचनावरून रॉननी घराण्याची पुस्तिका लिहिली आहे, ती तिथे वाचून दाखवणार. जॅनेट ती शुक्रवारी, १० तारखेला सकाळी छापायला देणार.
"मम गेल्यापासून डॅड पहिल्यांदा रोज दाढी करतायत. हीप्स ऑफ थँक्स, मृदुला. कव्हरवर तुझं नाव टाकलंय."
मी म्हटलं, "स्वीट ॲज." म्हणजे इथल्या बोलीत 'मस्त'. एवढंच म्हटलं.

रवि., ५ ऑक्टो.

बाबांना सांगितलं.
"अगं, सातशे वर्षांपूर्वीचं. कोण तपासायला बसलंय? मिरवू दे की म्हाताऱ्याला."
"बाबा, शब्द तुमचा होता."
"शब्द माझा. पुढे पाठवलास तू."
बरोबर आहे. ऑफिसात दुसऱ्याच्या कोडमधली चूक मी त्याच दिवशी नोंदवते, नावासकट. इथे माझी स्वतःची चूक, दिवस अठ्ठावीस.

जॉनचा धाकटा मुलगा परवानगीशिवाय गाव सोडून गेला. पकडून आणा, असा दप्तरात हुकूम आहे. आणल्याची नोंद नाही. रॉनना हे आवडेल. आधी हे सांगून मग चूक सांगावी का? नको. ती लाच होईल.

सोम., ६ ऑक्टो.

पत्र आधी मराठीत लिहिलं. इंग्रजीत मला सॉरीच्या आड फार सफाईने जाता येतं. मग भाषांतर केलं आणि कामावर जाताना त्यांच्या पत्रपेटीत टाकलं. मूळ मजकूर:

रॉन,
जॉनबद्दल मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. तो जमिनीचा धनी नव्हता. तो जहागीरदाराच्या मालकीचा, वेठीचा माणूस होता. चूक कोशाची नाही, कागदाचीही नाही. मी अर्धंच वाचलं. शिवाय हे मला महिनाभर माहीत होतं. तुम्ही खूश होतात म्हणून बोलले नाही, असं म्हणता येईल, पण मला तुमची नाराजी नको होती हे जास्त खरं. पुस्तिकेतली पानं ३ आणि ७ बरोबर नाहीत. दोन्ही कागदांचं दुरुस्त वाचन सोबत आहे. जॉनच्या मुलाची नोंद शेवटी आहे. बदलायचं असेल तर मी तुमच्यासोबत बसून बदलेन. मी बसायला नको असेन तर तसं सांगा. जॅनेटला अजून काही कळवलेलं नाही. तिला काय पाठवायचं, ते गुरुवार, ९ तारखेच्या संध्याकाळपर्यंत मला कळवा.
मृदुला