फाटकावरची पाळी

१ ऑक्टोबर १९५७, मंगळवार
आले एकदाची थॉर्नकोमला. बस गावात येत नाही, पुलाशीच सोडते. तिथे चर्चचे वॉर्डन मिस्टर पूली स्वतः हातगाडी घेऊन उभे होते. मी काही म्हणायच्या आत त्यांनी माझी ट्रंक उचलून गाडीत ठेवली. सेंट ऑझिथ चर्च झाडायचं, पाहायला येणाऱ्यांना दाखवायचं आणि आवारातल्या थडग्यांवरची अक्षरं झिजून जायच्या आत उतरवून घ्यायची, एवढं माझं काम. त्याबदल्यात फाटकालगतचं हे घर. वाचनालयात तीस वर्षं काढलेल्या विधवेला आणखी काय हवं? घरात शेगडी पेटवलेली होती आणि टेबलावर आल्याचा केक. पोस्ट आणि दुकान सांभाळणाऱ्या मिसेस ब्रिम्बलनी पाठवलेला. लेकीला, जुडिथला, लगेच पत्र लिहिलं की यंदा तुझ्या एकतिसाव्या वाढदिवसाला मी केक म्हणून जो दगड भाजला होता, तो आता विसरून जा.

६ ऑक्टोबर, रविवार
प्रार्थनेनंतर पूलींनी पॅरिशच्या, म्हणजे या चर्चच्या हद्दीतल्या माणसांच्या, यादीत माझं नाव घालून घेतलं. मी सही करताना सगळं गाव भोवती जमलं होतं, जणू लग्नाचीच सही. पूली म्हणाले, आवारात जागा थोडी. यादीतल्या माणसालाच इथे पुरतात, नाहीतर पुलाच्या अलीकडे ज्याचा शेवटचा श्वास जातो त्याला. मी म्हटलं, मला काही तेवढी घाई नाही. सगळे हसले, पण जरा उशिरा हसले.

घंटाही पूलीच वाजवतात. कोणी गेलं की पुरुषाला नऊ टोले, बाईला सहा, मग वयाच्या प्रत्येक वर्षाला एक. शेतातल्या माणसालाही मोजून कळतं कोण गेलं ते. म्हणून वयं त्यांना पाठ लागतात. माझं अठ्ठावन्न सांगितलं. जुडिथचंही विचारलं, तेही सांगितलं. लेकीचा विषय निघाला की माझं तोंड बंद होत नाही.

१४ ऑक्टोबर, सोमवार
काम छान चाललंय. वाचनालयातली सवय, एकेका थडग्याची एकेक चिठ्ठी करते.

एक गोष्ट मात्र खटकते. आवाराच्या छप्पर असलेल्या फाटकातून जाताना इथला प्रत्येक पुरुष टोपी उचलतो आणि बायका मान लववतात. फाटकात कोणी नसतं. आधी वाटलं, चर्चला करत असतील. पण चर्च समोर आहे, आणि ही मंडळी बघतात डावीकडे, खांबाकडे. मिसेस ब्रिम्बलना विचारलं तर म्हणाल्या, ‘जुनी सवय हो, बाई. तुम्हालाही लागेल.’

२१ ऑक्टोबर, सोमवार
मिस लव्हेलना भेटून आले. वय एक्याण्णव, अंथरुणाला खिळलेल्या, पण जीभ तेज. मला नखशिखान्त न्याहाळून म्हणाल्या, ‘तूच होय ती. बरी आहेस, धडधाकट आहेस.’

मग माझा हात धरून सांगू लागल्या. आवारात सगळ्यात शेवटी जो पुरला, त्याला फाटकावर पहारा द्यावा लागतो. ऊन, पाऊस, बर्फ. पुढचा मुडदा येईपर्यंत सुटका नाही. त्यांच्या आत्याला अकरा वर्षं उभं राहावं लागलं म्हणे. ‘मी नाही बाई उभी राहणार. गुडघे कुठे आहेत मला? पूलीनं शब्द दिलाय, माझ्यामागे आठवड्यात कोणीतरी आणतो म्हणून.’ पूली दारातच उभे होते. म्हणाले, म्हातारीचं काय मनावर घ्यायचं. पण ते हसले नाहीत.

२४ ऑक्टोबर, गुरुवार
कुठेतरी पाणी मुरतंय. आज चिठ्ठ्या मृत्यूच्या तारखेनं लावल्या. आजवर ओळीनं उतरवत गेले, म्हणून दिसलं नव्हतं. गावातला एक मेला की आठवड्याच्या आत एक परका. अगदी जुने दगड सोडले तर प्रत्येक वेळी. गावकरी दक्षिणेला, सावलीत, यूच्या झाडाखाली. परके सगळे फाटकाजवळ. ऑर्गन दुरुस्त करायला आलेला. चर्चचं चित्र काढायला आलेली. एक नुसताच ‘प्रवासी’. चौघांच्या दगडावर ‘नदीत बुडून’.

शेवटची चिठ्ठी, विनिफ्रेड हेल, डर्बीची शिक्षिका, मार्च १९५५. ती याच घरात राहत होती. कपाटाच्या तळाशी तिच्या नावाचा हातरुमाल सापडला. तिच्यानंतर गावात कोणी मेलेलं नाही.

हा मूर्खपणा आहे. तरी जुडिथला लिहिते.

२६ ऑक्टोबर, शनिवार
चर्चच्या पायरीवरून पडले. घोटा सुजून भोपळा झालाय. साडेतीन आठवडे रोज त्याच पायरीवर पाय देत होते, तेव्हा ती हलली नाही. आज तिच्याखालची पाचर नव्हती. पूलींनीच उचलून घरी आणलं. म्हणाले, आता पंधरा दिवस कुठे जायचं नाव काढू नका.

२८ ऑक्टोबर, सोमवार
जुडिथचं उत्तर आलं. रविवारी अकराच्या बसनं येते, टॅक्सी करून तुला घेऊन जाते म्हणाली. पाकीट नीट चिकटवलेलं नव्हतं. मिसेस ब्रिम्बल सूपचं भांडं ठेवता ठेवता म्हणाल्या, लेक येतेय ते बरंच झालं. मी त्यांना सांगितलं नव्हतं.

सूप मोरीत ओतलं.

३० ऑक्टोबर, बुधवार
घंटा. सहा टोले, मग एक्याण्णव. मिस लव्हेल गेल्या.

आता आठवडा सुरू झाला.

१ नोव्हेंबर, शुक्रवार
पुरलं त्यांना. खिडकीतून पाहिलं. परतताना सगळ्यांनी फाटकाशी टोप्या उचलल्या, आणि मग एकेकानं वळून माझ्या खिडकीकडे पाहिलं. रागानं नाही. दया आल्यासारखं. मला भीती वाटते. म्हणून सगळं लिहून ठेवते.

२ नोव्हेंबर, शनिवार
दाराला अडसर. शेगडी पेटवली नाही, धुराड्याचा भरवसा नाही. फक्त स्वतः उकडलेली अंडी खाल्ली. पूलींनी दोनदा दार ठोठावलं, उघडलं नाही. बाहेरून म्हणाले, ‘बाई, तुमच्यावर आमचा काही राग नाही. कोणीही चालतं आम्हाला.’

एक दिवस काढायचा. मी काही त्यांच्या हाती लागत नाही.

३ नोव्हेंबर, रविवार
सकाळचे दहा. जिवंत आहे. बॅग भरली. ट्रंक राहू दे इथेच.

अकरा वाजून पाच. बसचा भोंगा ऐकू आला. आली माझी पोर. पुलापासून चालत दहा मिनिटं.

अकरा पंचवीस. अजून नाही. टॅक्सी ठरवत असेल.

अकरा चाळीस. फाटकाशी कोणीतरी — राखाडी शाल. मिस लव्हेल. दिवसाढवळ्या, खांबाला टेकून. पण माझ्याकडे बघत नाहीत. त्या पुलाच्या रस्त्याकडे बघतायत, पाहुण्याची वाट पाहावी तसं —

घंटा.

सहा. बाई. म्हणजे मी. घाई केलीत, पूली, मी इथे बसून लिहितेय, जिवंत. मोजते. अठ्ठावन्न झाले की खिडकीतून हात हलवून दाखवते —

दहा. अकरा.

वीस.

कोणीही चालतं, म्हणाले होते. मीच बोलावलं तिला, मीच —

एकोणतीस. तीस. एकतीस.

थांबली.

सत्तावीस राहिलेत. अडसर काढलाय मी, दार उघडं आहे, पूली, या, मला न्या, फक्त थांबू नका, पुढे वाजवा, बत्तीस, वाजवा ना, बत्ती —