बिनआवाजाची करवत

कुह्मो, १४ एप्रिल

प्रिय तौनो दाजी,

नमस्कार. इर्याताईलाही सांगा. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तळ्यावरचा बर्फ काळवंडलाय, आता त्यावरून कोणी चालत नाही. हिल्काची कंबर धरलीय, तरी सौनाच्या भट्टीची लाकडं ती मला रचू देत नाही. नवऱ्याने रचलेलं सगळं वाकडंच असतं, असं तिचं मत आहे.

पत्राला उशीर झाला. कारण विचाराल तर दमलोय. रात्रभर झोपून उठलो तरी दमलेलाच असतो. फोन करणार होतो, पण फोनवर तुम्ही मध्येच हसता, मग मलाही हसू येतं आणि बोलायचं ते राहून जातं. दोनदा तसं झालं.

तुमच्या जंगलाच्या पट्ट्यातली उरलेली स्प्रूसची झाडं पाडून संपवली. तीही तुमच्याच बॅटरीच्या करवतीने. माझी पेट्रोलची करवत फेब्रुवारीत तुमच्या मांडीवर झाड आलं त्या दिवसापासून शेडमध्ये पडून आहे. तिची दोरी ओढायला हात पुढे होत नाही. आठवतं ना, मी तुमच्या करवतीला शिलाई मशीन म्हणायचो? "दाजी, जंगलात निघालात की पडदे शिवायला?" आणि तुम्ही म्हणायचात, "तुझ्या तोंडाला टाके घालायला निघालोय."

आता कबूल करतो. थंडीत बॅटरी लवकर बसते, हे माझं म्हणणं खरं निघालं. दुसरी बॅटरी मी कोटाच्या आत पोटाशी धरून नेतो. हिल्का विचारते, अंडी उबवतोयस का? जाड बुंध्यात तुमच्या करवतीचा जीव कमी पडतो, तिथे माझी पेट्रोलवाली आरपार जायची. पण दाजी, ही हाताला हादरे देत नाही, संध्याकाळी बोटं बधिर होऊन पांढरी पडत नाहीत. कित्येक वर्षांनी शर्टाची बटणं मी माझ्या हाताने काढली. कपड्यांना धुराचा वास नाही, डोकं दुखत नाही. बोट उचललं की करवत गप्प. तुमचंच बरोबर होतं, लिहून देतो.

ताईचं पत्र गेल्या आठवड्यात आलं. पाय सुधारतोय, एका कुबडीवर चालता, वाचून बरं वाटलं. पण खाली तिने आणखी लिहिलंय. तुम्ही तिला दुसऱ्या खोलीत पाठवता, म्हणता, "हळू काहीतरी बोल," आणि ती काय बोलली ते इकडून सांगता. सगळं बरोबर सांगता. डॉक्टरांनी कान तपासले, वयाच्या मानाने उत्तम म्हणाले. तर तुम्ही म्हणालात, "मग कान नाही, माझं डोकंच गेलंय." रस्ता ओलांडताना तिची बाही धरता म्हणे. तुम्ही! आणि पट्टा विकायला काढलाय, सोमवारी कागदावर सही. "ज्याला झाड पडताना हाक ऐकू येत नाही, त्याने जंगलात पाऊल टाकू नये," असं तिला म्हणालात.

पत्र खिशात घालून मी अंगणात गेलो आणि तुमच्या करवतीने ओंडके कापत बसलो. काहीतरी करायला हवं म्हणून. हिल्काने दारातून कॉफीला हाक मारली. एकदाच, नेहमीसारखी कंटाळलेली. करवत चालू होती, कानांवर आवाज अडवायच्या वाट्या होत्या, तरी स्वच्छ ऐकू आली. मी करवत खाली ठेवली आणि ओंडक्यावर बसलो. कॉफी गार झाली.

पेट्रोलची करवत तुमच्या हातात असती तर माझं खोटं खपून गेलं असतं. त्या ढणढणाटात हाक विरली, कोणाचाच दोष नाही, असं सगळे म्हणाले असते.

त्या दिवशीचं सांगतो. सकाळी गाडीत आपलं वाजलं होतं. तुम्ही म्हणालात, "ऑइवा, त्या करवतीच्या भोंग्याने तू बहिरा झालायस. टीव्ही केवढ्याने लावतोस ते विचार हिल्काला." मला झोंबलं, कारण हिल्काने सांगितल्याशिवाय ते तुम्हाला कळणारच नव्हतं. मी अबोला धरला. साठीला आलेला माणूस मी, आणि मनाशी काय ठरवलं, तर आज पहिला शब्द दाजींनी काढायचा.

दहाच्या सुमाराला, झाड पाडणारा शेवटचा काप घेण्याआधी, मी करवत मंद करून कान मोकळे केले. तीस वर्षं आपली तीच रीत. तुमची करवत कुठे वाजतेय त्यावरून तुम्ही कुठे आहात ते मला कळायचं. त्या दिवशी काहीच वाजत नव्हतं. मी स्वतःला सांगितलं, कॉफी प्यायला गेले असतील. कॉफीचा थर्मास माझ्या समोरच होता, दाजी. आणि तुमच्या बुटांचे ठसे उताराकडे गेलेले होते, ताजे. मी ते पाहिले. माणूस दिसत नसेल तर हाक द्यायची, तुम्हीच मला शिकवलेलं. मी तोंड उघडलंसुद्धा. मग वाटलं, हाक दिली म्हणजे मीच आधी बोललो. तोंड मिटलं आणि कापलं.

तपासाला आलेल्या माणसाने विचारलं, "हाक दिली होती?" मी म्हणालो, "दोनदा." त्याने ते दवाखान्यात तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही म्हणालात, "ऑइवा म्हणतोय ना, मग दिलीच असणार. मलाच ऐकू आली नाही." मी खाटेच्या पायथ्याशी मूग गिळून उभा होतो. तेव्हा दोन शब्द बोलायचे होते फक्त.

हाक दिली नव्हती. एकदाही नाही. तुमचे कान शाबूत आहेत आणि डोकंही. दोन महिने तुम्ही जे स्वतःमध्ये शोधताय, ते तिथे नाही.

काल त्या माणसाला फोन करून सांगितलं. उद्या जाऊन लिहून देणार आहे. पुढे जे व्हायचं ते होवो. ताईला वेगळं पत्र लिहायची ताकद माझ्यात नाही, हेच तिच्या हातात द्या. ती मला जे म्हणेल ते खरंच असेल.

सोमवारी सही करू नका. करायचीच असेल तर पाय साथ देत नाही म्हणून करा, माझं तोंड पुन्हा जंगलात बघायचं नाही म्हणून करा. पण ऐकू येत नाही म्हणून करू नका. मला माफ करा असं लिहिणार होतो, पण ते मागायचीही लाज वाटते.

ज्याच्या शब्दाला तुम्ही स्वतःच्या कानांपेक्षा खरं मानलंत, तो तुमचा मेहुणा,

ऑइवा